मामांच्या नावावरचा मेसेज

चाकणच्या ज्या कंपनीत मी आजही नोकरी करतो, तिथल्या भट्टी विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आहे. बराच वर सरकवत गेलं की सापडतो. ज्या माणसाच्या नंबरावरून तो गेलाय, त्याने तो लिहिलेला नाही. मी लिहिलाय. हे मी कंपनीत कुणाला बोललो नाही, मित्रांना नाही, घरी बायकोलाही नाही. त्या मेसेजपायी एका माणसाची भट्टी गेली. मी तेव्हा गप्प बसलो, आणि पुढे गप्प बसण्याची सवयच लागली.

माणूस म्हणजे आमचे मामा. कुणाचे सख्खे मामा नव्हेत. कंपनीत एखादा वयाने मोठा आणि तोंडाने फटकळ असला की आपोआप मामा होतो. चाकणजवळच्या एका गावातलं शेतकऱ्याचं घर. अर्धी जमीन कारखान्यांखाली गेलेली, उरलेल्या अर्ध्यात कांदा आणि भेंडी. अंगाने सुकलेले, आवाजाने मात्र भट्टीच्या ब्लोअरच्याही वर. आमच्याकडे गिअर येतात. ते आधी लालबुंद तापवून तेलात बुडवून कडक करायचे, आणि मग दुसऱ्या भट्टीत कमी तापमानावर ठेवून त्यांचा ठिसूळपणा घालवायचा. ही दुसरी भट्टी मामांची. "पैल्या भट्टीत पोरगं पैलवान व्हतं," ते नव्या माणसाला सांगत, "दुसऱ्या भट्टीत त्याला अक्कल येती. नुसता पैलवान काय कामाचा?" मी त्या शिफ्टचा इंजिनीअर होतो. कागदोपत्री त्यांचा साहेब.

भट्टीशेजारी एक काळा फळा होता. शिफ्ट सुटताना मामा त्यावर खडूने लिहीत: भट्टीत कुठला लोड, म्हणजे मालाची कुठली खेप जाणार, माल किती कडक हवा, तापमान किती, किती अंश वर-खाली चालेल. मग दोन पावलं मागं जाऊन, डोळे बारीक करून, लिहिलेलं एकदा मोठ्याने वाचत. ऐकायला कुणी असो नसो. पुढच्या शिफ्टचा माणूस तो फळा बघून भट्टी लावायचा. कित्येक वर्षं हे असंच चाललं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

मग नवे मॅनेजर आले. त्यांना फळा बघवेना. "हे काय, झेडपीची शाळा आहे का?" म्हणाले. कंपनी पेपरलेस करायची होती. फळा कागदाचा नसतो हे त्यांना सांगण्याची हिंमत कुणात नव्हती, माझ्यात तर नव्हतीच. फळा उतरवला. आता शिफ्ट सुटताना ज्याने त्याने आपल्या फोनवरून ग्रुपवर मेसेज टाकायचा, आणि तो पडल्याशिवाय हजेरी पंच करायची नाही. मामांच्या मुलाने त्यांना एक जुना टचचा फोन दिला. त्या दिवसापासून मामा आणि ती काच यांचं जे वैर सुरू झालं, ते मी रोज दुपारी शिफ्ट सुटताना बघितलं.

तापल्या टोपल्या आणि तेल यांत आयुष्य गेल्याने मामांच्या बोटांची टोकं गुळगुळीत आणि टणक झाली होती, बाभळीच्या लाकडासारखी. हजेरीच्या मशीनलाही त्यांचा अंगठा कळायचा नाही; गेटवर रोज सकाळी भांडण. फोनला तर त्यांचं बोट बोट वाटायचंच नाही. ते दाबायचे, काहीच व्हायचं नाही. पुन्हा दाबायचे, तर एकदम तीन अक्षरं उमटायची. घाम आला की पडदा आपल्या मनाने इकडून तिकडे पळायचा. "मी हाय की न्हाई?" ते विचारायचे. "तुमी सांगा सायेब. चार मानसांत हुबा हाय, आवाज हाय, वजन हाय. ह्या काचंला मी दिसत कसा न्हाई?"

कुणीतरी बोट ओलं करायला सांगितलं, म्हणून ते माठात बोट बुडवून यायचे. कुणी म्हणालं बोलून लिहा. भट्टीजवळ उभं राहून बोलले; फोनने ब्लोअरचं ऐकलं की मामांचं कुणास ठाऊक, जे उमटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी त्यांनी स्वतःच उपाय काढला. शेतातून येताना ते खिशात एक कोवळी भेंडी आणायला लागले. भेंडी मुठीत धरायची आणि तिच्या टोकाने काचेवर टिपायचं. आणि काचेला भेंडी कळायची. माणूस कळत नव्हता, भेंडी कळायची. पोरांना तर तो शब्द तोंडात घोळवायला निमित्तच मिळालं. "मामा, आज भेंडी आणली का?" "मामा, भेंडी चार्ज केली का?" मामा शांतपणे सांगायचे, "आणली की. तुला पायजे? तुझं डोकं बी चालंल तिच्यावर."

अक्षरं भेंडीने निघाली. खरी अडचण खुणांची. अंशाची ती वरची बारीक टिकली, आणि अधिकखाली उणे असं एकत्र चिन्ह. भट्टीच्या कामात ह्या दोन खुणांशिवाय वाक्य पुरं होत नाही. आणि त्या कीबोर्डवर त्या कुठे? आकड्यांच्या पानावर जा, तिथून आणखी एका पानावर जा, तिथल्या गर्दीत टिकली शोधा. दुसऱ्या चिन्हासाठी अधिकवर बोट दाबून धरा, ते उगवेल, मग बोट न उचलता सरकवत न्या. मामांचं बोट, किंवा भेंडी, वाटेत सुटायची आणि सगळं पुसलं जायचं. बरं, एकदा पाठ केलं की संपलं, असंही नाही. फोन अपडेट झाला की खुणांनी घरं बदललेली. "हे घर बांधलं कुणी रं?" मामा ओरडायचे. "संडास माळ्यावर, चूल जिन्याखाली, आन् दर म्हैन्याला भितींची जागा वेगळी."

मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही. आता मीही चष्मा लावून ती टिकली शोधतो, आणि दर वेळी डोकं फिरतं. हसरी तोंडं, केक, फुगे, नाचणाऱ्या बायका यांची पानंच्या पानं एका टिचकीवर ठेवलीत. आणि ज्या खुणेवर भोसरीपासून चाकणपर्यंतचा प्रत्येक कारखाना चालतो, ती लपवून ठेवलीय, चोराने दागिना लपवावा तशी. हे ज्याने ठरवलं त्याने आयुष्यात कधी काही मोजलं नसावं. आणि ते सापडलं नाही की अडाणी कोण? तर शोधणारा. हा न्याय मला तेव्हाही समजत होता. बोललो मात्र नाही.

मामा टिकली सापडल्याशिवाय मेसेज टाकत नसत. मी कितीदा म्हणालो, शब्दात लिहा. शब्दातही लिहायचे, पण खूण हवीच. शब्द वाचणाऱ्याला वेळ असेलच असं नाही, खूण नजरेला लागते, हे त्यांचं म्हणणं. मेसेजची सुरुवात "नमस्कार मंडळी" अशी आणि शेवट स्वतःच्या पूर्ण नावाने, वडिलांच्या नावासकट. बाकीच्यांचे मेसेज चार आकड्यांचे. मामांचा म्हणजे ग्रामसभेचा ठराव.

सगळंच त्यांचं बरोबर असायचं असं मला म्हणायचं नाही. हट्टी होते. जवळचं दिसत नव्हतं, तरी चष्मा घेतला नाही. डोळ्यांची चूक फोनच्या नावावर खपवायचे. फोन खिशात ठेवताना बंद करायचे नाहीत, त्यामुळे एकदा बैलबाजारातल्या व्यापाऱ्याशी चाललेलं त्यांचं अख्खं भांडण मॅनेजरसाहेबांना ऐकू गेलं. आणि एकदा तर, आमच्यातल्या एकाचे वडील गेल्याची बातमी ग्रुपवर आली, तिच्यावर मामांच्या बोटाने हसरं तोंड चिकटलं. ते काढता येईना. काढायला गेले तर जास्तच हसणारं आलं. त्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर मामा घरी गेले नाहीत. तो माणूस देहूला राहायचा. बस बदलून देहूला गेले, दारात चपला काढून उभे राहिले, आणि रडणाऱ्या घराला म्हणाले, "मी हसलो न्हाई. बोट घसारलं." त्या घरातल्या कुणाच्या ध्यानातही नव्हतं ते. तरी गेले.

आता माझ्याबद्दल.

आमच्या विभागात एक पद्धत होती, अजून आहे. खुणा शोधायचा ताप नको म्हणून कुणीच रोजचा मेसेज नव्याने लिहीत नाही. कालचा मेसेज कॉपी करायचा, त्यातले आकडे तेवढे बदलायचे, टाकून द्यायचा. टिकल्या आयत्या मिळतात. ही युक्ती मीच सगळ्यांना शिकवली होती. मामांनाही शिकवायला गेलो. त्यांनी फोन छातीशी धरला. "कालची भाकर आज खाईन," म्हणाले, "पर कालचा आकडा आज देनार न्हाई."

"आकडा बदलायचा असतो, मामा."

"आन् एखादा बदलायचा ऱ्हायला तर? कोऱ्या पानावर लिवलं म्हंजी काय ऱ्हायलंय ते दिसतं. भरल्या पानावर काय दिसनार?"

उन्हाळ्याचे दिवस होते. पहिली शिफ्ट सुटलेली. सगळे पंच करून गेले आणि मामा भट्टीजवळ उभे, फोन हातात, गळ्यावरून घाम. भेंडी उन्हाने लोंबलेली. गेटवर कंपनीची बस हॉर्न मारत होती. मामांच्या मेसेजशिवाय मला शिफ्ट बंद करता येत नव्हती. मला घाई कसली होती, हे सांगायला मोठं कारण असतं तर बरं वाटलं असतं. काही नव्हतं. बस चुकली की तळेगाव चौकापर्यंत चालायचं आणि थेरगावपर्यंत शेअर रिक्षा बदलत जायचं, एवढंच.

"मामा, द्या इकडं."

"थांबा थांबा, घावली. ही बगा... गेली. आत्ता हितंच व्हती."

"द्या म्हणतो ना."

मी फोन त्यांच्या हातातून घेतला. ओढला म्हटलं तरी चालेल. कालचा त्यांचाच मेसेज कॉपी केला. लोडचा नंबर बदलला. कडकपणाचा आकडा बदलला. पाठवला.

"वाचून दावा की येकदा," मामा म्हणाले.

"सगळं बरोबर आहे. चला."

तापमान बदलायचं राहिलं होतं. कालच्या मालाला दोनशे वीस होतं, त्या दिवशीच्या मालाला एकशे ऐंशी हवं होतं. दुसऱ्या शिफ्टच्या माणसाने मेसेजप्रमाणे भट्टी लावली. मामांचा मेसेज चुकत नाही अशी ख्याती, त्यामुळे त्याने फोन करून विचारलंही नाही. वर "नमस्कार मंडळी", खाली मामांचं पूर्ण नाव, मधे टिकल्या जागच्या जागी. माल कडक राहिला असता तर परत तापवून निभावलं असतं. जादा तापमानाने तो नरम पडला. सकाळी तपासणीत कळेपर्यंत अर्धा माल गाडीत चढून गिऱ्हाइकाच्या दारात पोचला होता.

मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये मामा, मी आणि दुसऱ्या शिफ्टचा माणूस. एसी चालू होता. मामा दाराशी उभे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत, तेलाचे कपडे होते म्हणून.

"मामा, हा मेसेज तुमच्या नंबरावरून गेलाय."

मामांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रांगेत पुढच्याने सरकायची वाट बघतो ना माणूस, तसं. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होतो.

"फोन माजाच हाय," मामा म्हणाले.

"मी पहिल्यापासून सांगतोय, तुम्हाला हे जमत नाही. भेंड्या काय, नाटकं काय. जमत नाही तर सांगायचं ना सरळ."

पुन्हा थोडा वेळ गेला. पुरेसा होता तो वेळ. एक वाक्य बोलायला किती लागतो?

"जमत न्हाई," मामा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

बाहेर आल्यावर ते भट्टीकडे न जाता पाण्याच्या माठाशी थांबले. मी मागे गेलो. काय बोलायला गेलो होतो ते मलाही माहीत नव्हतं.

"तुमी बोलाल म्हनून मी थांबलो व्हतो," मामा म्हणाले. "मला वाटलं, शिकल्याला मानूस हाय, त्याची त्यो बोलंल. मी कुनाचं नाव घेत न्हाई, ती सवय न्हाई मला. पर तुमी बोलायचं व्हतं, सायेब."

मी म्हणालो, "मामा, बघतो मी, साहेबांशी बोलून..."

"आता काय बगताय," ते म्हणाले आणि पाणी न पिताच गेले.

मामांची निवृत्ती जवळ आली होती. त्यानंतरही करारावर दोन्ही शिफ्टच्या लोकांना भट्टी शिकवायला त्यांना ठेवायचं, असं तोंडी ठरलं होतं. मामांनी ते गावभर सांगितलंही होतं. ते गेलं. राहिलेले महिने त्यांना स्क्रॅपच्या गेटवर बसवलं; गाड्या येताना-जाताना बघायच्या. भट्टीकडे यायचं नाही, असा कुणी हुकूम काढला नव्हता. ते स्वतःच आले नाहीत.

आणि कंपनीने ट्रेनिंग लावलं. विषय, मोबाइलवर अचूक मेसेज कसा पाठवावा. पंचेचाळिशीच्या वरच्या सगळ्यांना सक्तीचं. शिकवायला कोण, तर मी. कॅन्टीनच्या भिंतीवर मॅनेजरसाहेबांनी तयार करून दिलेली चित्रं दाखवायची होती, आणि त्यात चुकीचा नमुना म्हणून तोच मेसेज होता. नंबर आणि नाव पुसलेलं. पण "नमस्कार मंडळी" तसंच ठेवलेलं, त्यामुळे सगळ्या खोलीला कळलं. लोक हसले. मी त्यांच्याकडे पाठ करून, हातात काठी घेऊन, माझीच चूक त्यांना दाखवत होतो: बघा, इथे तापमान बदलायचं राहिलं.

मामा शेवटच्या बाकावर होते. त्यांनी हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"सायेब, एक इचारू का?"

"विचारा, मामा."

"कालचा मेसेज कापी करून टाकायचा का न्हाई?"

खोली हसायची थांबली नाही. त्यांना वाटलं, मामांना आत्ता समजायला लागलंय. पुढे बसलेला एक जण म्हणाला, "मामा, आता काय करणार शिकून, गेटवर भेंडी लावा."

मी म्हणालो, "नाही. कॉपी करायचा नाही. नवीन लिहायचा."

"बरं," मामा म्हणाले. आणि खाली बसले. एवढंच. त्या माणसाने तिथे माझं सगळं काढलं असतं तर मी आज सुटलो असतो. त्याने मला आणखी एक संधी दिली होती, भर कॅन्टीनमध्ये, आणि मी तीही चहाच्या कपासारखी बाजूला ठेवली.

त्यांचा निरोपसमारंभ झाला नाही. मॅनेजरसाहेब पुढे दुसऱ्या कंपनीत गेले. मेसेज कॉपी करायची पद्धत चालूच आहे, आणि टिकली अजून तिसऱ्या पानावर आहे. एक ट्रेनिंग, एक म्हातारा गेटवर, आणि कीबोर्ड जसाच्या तसा. ज्याला काच ओळखत नाही त्याला माणसांनीही ओळखू नये, असं जणू सगळ्यांनी मिळून ठरवलंय. मी त्यात होतो. पहिल्या रांगेत होतो.

गेल्या लग्नसराईत चाकणजवळच्या एका लॉन्सवर, कंपनीतल्या एकाच्या मुलीच्या लग्नात, मामा दिसले. नवरी त्यांच्या भावकीतली. पांढरे कपडे, टोपी, पंगतीत फिरून आग्रह करत होते. सोबत सून आणि मुलगा. तोही आता एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मी मामांचा साहेब होतो हे त्याला माहीत होतं, म्हणून आदराने बोलला.

"पप्पांना आता साधा बटनांचा फोन दिलाय," तो हसत म्हणाला. "टच नकोच. तुमच्याकडं झालं होतं ना तसलं काही, माहितीय तुम्हाला. विहिरीची मोटर मोबाइलवर केलीय मी, तर तिलाबी हात लावू देत नाय. रात्री-अपरात्री काहीतरी दाबतील, पाणी जाईल सगळं."

मामा बाजूलाच उभे होते, हातात जिलबीचं ताट. सगळं ऐकू येत होतं. स्वतःच्या शेतातल्या स्वतःच्या विहिरीला पाणी सोडायचं तर हा माणूस मुलाला विचारतो. सूनही हसली. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सायेब, घ्या की, लाजता काय."

मी जिलबी घेतली. खाल्ली. मुलाला म्हणालो, "हो, काळजी घेतलेली बरी." हे माझे शब्द. मी हे म्हणालो.

घरी येईपर्यंत मला माझाच इतका राग आला होता की थेरगावला डांगे चौकात उतरून मी घरी न जाता बाजारातून उगाच फिरत राहिलो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावी जायचं ठरवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही ठरवलं. चाकणपासून ते गाव लांब नाही. रोज माझी बस त्याच्या फाट्यावरून जाते.

हे सगळं लिहिलं म्हणजे काही फिटलं असं मी मानत नाही. मामा असलं काही वाचत नाहीत, त्यांचा मुलगाही हे वाचणार नाही. त्यांच्या दारात जाऊन, मुलगा आणि सून समोर असताना, तो मेसेज मी टाकला होता आणि तुमच्या वडिलांची काही चूक नव्हती, हे माझ्या तोंडाने सांगायचं, एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.